स्लॅग आणि सोडा: बाईंडरच्या प्रकल्पाच्या नोंदी

६ जानेवारी

आजपासून नोंदी रोजच्या रोज लिहायच्या, कारण मागच्या कामात तीन मिक्स कोणत्या दिवशी केले तेच नंतर सापडेना आणि सगळं परत करावं लागलं.

काम थोडक्यात असं: पोर्टलंड सिमेंटचं क्लिंकर (भट्टीत भाजलेले खडे, जे दळून सिमेंट होतं) अजिबात न वापरता, नुसता झटपट थंड केलेला ब्लास्ट फर्नेसचा स्लॅग, म्हणजे लोखंडाच्या भट्टीतली मळी, घेऊन त्यातून बाईंडर, म्हणजे सिमेंटसारखा बांधून ठेवणारा माल, करायचा आणि आत काय तयार होतं ते बघायचं. सिमेंटची अडचण नुसती कोळशाची नाही, चुनखडीचीच आहे. १ किलो कॅल्शियम ऑक्साइड मिळवायला चुनखडीतून साधारण ७८५ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सुटतो, हा नुसता रेणूभाराचा हिशोब, त्यात भट्टी १४५० अंशांपर्यंत तापवायचं इंधन धरलेलंच नाही. सिमेंटच्या एकूण उत्सर्जनातला निम्म्याहून जास्त भाग असा दगडातूनच येतो, म्हणून भट्टी कितीही सुधारली तरी तो हटत नाही. स्लॅगमधलं कॅल्शियमसुद्धा शेवटी चुनखडीतूनच आलेलं असतं हे खरं, पण तो धूर लोखंड बनवताना आधीच निघून गेलेला असतो.

स्लॅगची पिशवी आली. पांढरट, हाताला पिठासारखा. एक्सआरएफचा (कोणतं मूलद्रव्य किती ते क्ष-किरणांनी मोजणारी चाचणी) रिपोर्ट: कॅल्शियम ऑक्साइड ३८ टक्के, सिलिका ३४, अॅल्युमिना १३, मॅग्नेशियम ऑक्साइड ८, बाकी किरकोळ. ते ८ टक्के मॅग्नेशियम लक्षात ठेवायचंय, पुढे कामाला येणार असं वाटतंय. एक्सआरडीला (क्ष-किरणांनी स्फटिक ओळखायची चाचणी) टोकदार पीक जवळजवळ नाहीतच, ३० अंशांच्या आसपास एक रुंद उंचवटा आहे, म्हणजे माल काचेसारखा आहे, आणि तसाच हवा. हाच वितळलेला स्लॅग सावकाश थंड होऊ दिला असता तर त्याचे स्फटिक झाले असते आणि मग तो खडीसारखा निपचित पडून राहिला असता.

९ जानेवारी

स्लॅग नुसत्या पाण्याने नीट बसत नाही, त्याला जागं करायला अल्कली लागते, तिलाच अॅक्टिव्हेटर म्हणतात. पहिला मिक्स वॉटरग्लासचा, म्हणजे सोडियम सिलिकेटच्या द्रावणाचा. सगळे याच्यापासून सुरुवात करतात कारण ताकद पटकन येते आणि तुलनेला एक पक्का मिक्स हातात राहतो.

हिशोब १००० ग्रॅम स्लॅगला: सोडियम ऑक्साइड ५ टक्के म्हणजे ५० ग्रॅम, मॉड्युलस १, म्हणजे सिलिका आणि सोडियम ऑक्साइडचे मोल सारखे. सिलिका ४८.४ ग्रॅम लागते. आपल्या वॉटरग्लासमध्ये सिलिका २८ टक्के आणि सोडियम ऑक्साइड ९ टक्के आहे, तर १७३ ग्रॅम वॉटरग्लास घ्यायचं, त्यातून १५.६ ग्रॅम सोडियम ऑक्साइड येतो, उरलेल्या ३४.४ ग्रॅमसाठी कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइड) ४४.४ ग्रॅम. इथपर्यंत बरोबर होतं. पाण्याचं स्लॅगशी प्रमाण ०.४० म्हणून ४०० ग्रॅम मोजून घातलं आणि पेस्ट एकदम पातळ झाली, डाळीच्या पाण्यासारखी, क्यूब भरले तर वर पाणी सुटलं. अर्धा तास वजनकाटाच खराब आहे असं समजून तो तपासत बसले. चूक माझी होती. वॉटरग्लास ६३ टक्के पाणीच असतं, १७३ ग्रॅममध्ये १०९ ग्रॅम पाणी आधीच आलेलं, म्हणजे खरं प्रमाण ०.५१ च्या आसपास झालं. सगळे क्यूब टाकून दिले.

वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहिलंय: द्रावणातलं पाणी आधी वजा करा.

१० जानेवारी

परत केला, या वेळी वरून २९१ ग्रॅम पाणी. द्रावण आदल्या रात्रीच करून ठेवलं होतं कारण कॉस्टिक पाण्यात घातलं की भांडं हातात धरवत नाही इतकं तापतं आणि गरम द्रावण स्लॅगवर ओतलं तर सगळं मिक्सरमध्येच बसायचं. दाणे नेहमी पाण्यात घालायचे, पाणी दाण्यांवर कधीच नाही, आणि गॉगल काढायचा नाही.

थंड द्रावणानेसुद्धा ३५ मिनिटांत सेट झाला. शेवटचे दोन साचे भरताना पेस्ट करणीला चिकटून ओढली जायला लागली, व्हायब्रेटरवर हलवून पण नीट बसली नाही. नेहमीचा पॉलिकार्बोक्झिलेट प्लास्टिसायझर (पेस्ट पातळ ठेवणारं रसायन) घालून पाहिला, फरक शून्य. सिमेंटमध्ये चालणारी ही रसायनं इतक्या तीव्र अल्कलीत बहुतेक टिकतच नाहीत.

१३ जानेवारी

आज प्रयोग नाही, नुसता कार्बनचा हिशोब मांडत बसले आणि त्यातून पूर्ण कामाची दिशाच बदलली.

स्लॅगचा वाटा कमी, दळण आणि वाहतूक एवढाच. जड भाग निघतो तो अॅक्टिव्हेटरचा. वॉटरग्लास म्हणजे वाळू आणि सोडा हजार अंशांच्या वर वितळवून केलेली काच, ती परत पाण्यात विरघळवायची, आणि कॉस्टिक म्हणजे मिठाच्या पाण्याचं विद्युत विघटन, भरपूर वीज. बाईंडरमध्ये ही दोन्ही मिळून दहाएक टक्के सुद्धा नाहीत पण कार्बनमध्ये त्यांचा वाटा सगळ्यात मोठा. मग क्लिंकर काढून आपण नेमकं काय वाचवलं? थोडं वाचलंच, पण जेवढं वाचवता येईल तेवढं नाही.

सोडा अॅश, म्हणजे साधा सोडियम कार्बोनेट, याहून बराच हलका, आणि काही ठिकाणी तर तो ट्रोना नावाच्या खनिजापासून सरळ मिळतो. हाताळायलाही कॉस्टिकइतका घातक नाही. आणि हे काही नवीन डोकं नाही. बेल्जियममध्ये पर्डन यांनी १९४० सालीच स्लॅग आणि अल्कलीवरचं काम छापलं होतं, पुढे १९५० च्या दशकात कीव्हमध्ये ग्लुखोव्हस्की यांनी ते बांधकामापर्यंत नेलं, आणि पोलंडमध्ये क्राकोला १९७४ मध्ये सोडियम कार्बोनेटवर चालवलेल्या स्लॅगच्या काँक्रीटचं गोदाम बांधलं होतं, बऱ्याच वर्षांनी तपासलं तेव्हाही ते चांगल्या अवस्थेत होतं. मग लोक वॉटरग्लासच का वापरतात? कारण सोड्याचा मिक्स दिवसेंदिवस सेटच होत नाही. हेच शोधायचं, का होत नाही आणि होतो तेव्हा आत काय बदलतं.

फ्लाय अॅशचा, म्हणजे कोळसा जाळून उरलेल्या बारीक राखेचा, विचार यातून काढला. कमी कॅल्शियमची राख नुसत्या सोड्यावर खोलीच्या तापमानाला काही उठत नाही, तिला कॉस्टिक, वॉटरग्लास आणि बहुतेक वेळा ६०-८० अंशांची उष्णता लागते, मग परत तोच हिशोब. पण जुन्या सॅम्पलचा एक फोटो टेबलासमोर लावलाय: राखेचा पोकळ गोळा फुटलेला, त्याच्या पोटात पंधरा-वीस छोटे गोळे, आणि जेल (विरघळलेल्या मालातून तयार होऊन दाणे बांधणारा पदार्थ) बाहेरून आत शिरताना अर्ध्यात थांबलेलं.

१६ जानेवारी

सोड्याचा मिक्स भरला. १००० ग्रॅम स्लॅग, सोडियम ऑक्साइड ४ टक्के म्हणजे ४० ग्रॅम, त्यासाठी सोडा ६८.४ ग्रॅम, पाणी ४००. सोडा पाण्यात एकदम ओतला तर तळाला दगडासारखा गोळा बसतो आणि मग चमच्याने फोडत बसावं लागतं, म्हणून ढवळत ढवळत चिमटी चिमटीने सोडला. द्रावण गार पडू दिलं तर परत खडे धरतं, त्यामुळे लगेच वापरलं.

पेस्ट सुंदर झाली, गुळगुळीत, एक तासानेही तशीच. २४ क्यूब भरले, ५० मिलीमीटरचे, वरून प्लास्टिक गुंडाळलं. दुसऱ्या भागातून कॅलरीमीटरची (मिक्समधून निघणारी उष्णता मोजणारं यंत्र) बाटली लावली.

१७ जानेवारी

सेट नाही. बोट दाबलं तर खड्डा पडतो.

१९ जानेवारी

तीन दिवस झाले. वरून जरा घट्ट वाटतं, पण खिळा टेकवला की आरामात आत जातो. कॅलरीमीटरला पहिल्या काही तासांत एक छोटा उंचवटा आला होता, त्यानंतर सरळ रेघ. लॅबमध्ये सगळ्यांचं म्हणणं की मिक्स मेला, साचे मोकळे करून द्या. मॅडमना फोन केला तर म्हणाल्या, "अगं, टाकू नकोस, आधी आत काय आहे ते तर बघ."

एक चमचा पेस्ट काढली, आयसोप्रोपॅनॉलमध्ये धुऊन पाणी काढलं, आणि एक्सआरडीला लावली. मेलेली अजिबात नाहीये. कॅल्साइट (कॅल्शियम कार्बोनेट) आहे, आणि गेलुसाइट आहे, सोडियम-कॅल्शियमचा पाणीवाला कार्बोनेट. म्हणजे स्लॅगमधून कॅल्शियम बाहेर येतंय, पण बाहेर आल्या आल्या कार्बोनेट त्याला धरून खाली बसवतोय. सिलिकेटला मिळायला कॅल्शियम उरतच नाही. शिवाय सोड्याच्या द्रावणाचा पीएच १२ च्या आतच, त्यामुळे काच विरघळण्याचा वेगही कमी.

पण यातच पुढचा रस्ता आहे. कार्बोनेट जेवढा खाली बसतो तेवढा हायड्रॉक्साइड द्रावणात मोकळा होतो. म्हणजे मिक्स आपलं कॉस्टिक आपणच आतल्या आत तयार करतोय, फक्त सावकाश. कार्बोनेट संपत आला की पीएच चढायला हवा आणि मग काच भराभर उघडायला हवी. साचे तसेच ठेवले. झाकण पण उघडायचं नाही असं चिठ्ठीवर लिहून चिकटवलं.

२१ जानेवारी

सकाळी कॅलरीमीटरची रेघ वर वळलेली! पहाटे कधीतरी सुरू झालं असावं. दिवसभर दर तासाला जाऊन बघत होते. संध्याकाळी खिळा जेमतेम दोन मिलीमीटर गेला.

२२ जानेवारी

सेट. सहाव्या दिवशी. क्यूब साच्यातून काढले, कडा शाबूत, ठोकल्यावर टणक आवाज. एक्सआरडीला गेलुसाइट कमी झालंय, आणि ११.५ अंशांच्या जवळ एक नवीन बसकं पीक, हायड्रोटॅल्साइटच्या जातीचं. इथे ते ८ टक्के मॅग्नेशियम कामाला आलं. हायड्रोटॅल्साइट म्हणजे मॅग्नेशियम आणि अॅल्युमिनियमचे थर एकावर एक, आणि थरांच्या मधल्या फटीत कार्बोनेट बसतो. म्हणजे कार्बोनेट दोन वाटांनी जातो, एक कॅल्साइट होऊन आणि दुसरी या थरांत अडकून. ज्या स्लॅगमध्ये मॅग्नेशियम कमी त्याची दुसरी वाट अरुंद, तो आणखी उशिरा बसणार. यामुळेच एकाच मिक्सचे वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे निकाल येतात असं मला आता पक्कं वाटतंय, आणि स्लॅग घेताना मॅग्नेशियम विचारलंच पाहिजे.

२५ जानेवारी

सहा दिवस कोणी साचा अडकवून ठेवणार नाही, तेव्हा हात द्यायला हवा. कार्बोनेट लवकर संपवायचा तर विझवलेला चुना. सोडा आणि चुना मिळून कॅल्साइट आणि कॉस्टिक, ही फार जुनी रीत. ६८.४ ग्रॅम सोड्याला पूर्ण हिशोबाने ४७.८ ग्रॅम चुना लागतो. तेवढा घातला तर चुन्याचाच कार्बन परत वाढतो, म्हणून निम्मा, २४ ग्रॅम.

आठ तासांत घट्ट व्हायला लागला, दुसऱ्या दिवशी सकाळी साचे सोडता आले. काम करायला पहिला दीड तास मिळाला, म्हणजे वॉटरग्लाससारखी घाई पण नाही. आत्तापर्यंतचा हा माझा आवडता मिक्स.

३ फेब्रुवारी

एसईएमचा (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) पहिला दिवस, १८ दिवसांचं सोड्याचं सॅम्पल. सगळीकडे चिरा. जिकडे नेऊ तिकडे चिरा, स्लॅगच्या दाण्याभोवती, जेलमधून आरपार, चिखल वाळल्यावर जमीन फाटते तशा. स्लॅगचे बाईंडर जास्त आकसतात हे सगळेच सांगतात म्हणून मी ते आकसण्याचंच लक्षण धरलं आणि फोटोवर एकेक चीर मोजायला घेतली.

मशीन चालवणारे काका मागे उभे होते. त्यांनी एवढंच विचारलं, "सॅम्पल वाळवलं कशात?" ओव्हनमध्ये, १०५ अंशांना, रात्रभर. "मग या चिरा तू पाडल्यास." खरंच होतं ते. जेलमध्ये थरांच्या मधलं पाणी असतं, १०५ अंशांना ते जातं आणि जेल आकसून फाटतं, वर एसईएमचं व्हॅक्यूम उरलेलं ओढून घेतं. मोजलेलं सगळं रद्द केलं.

१० फेब्रुवारी

नवीन सॅम्पल नव्या रीतीने. पातळ काप, सात दिवस आयसोप्रोपॅनॉलमध्ये, रोज नवीन भरून, मग सौम्य व्हॅक्यूममध्ये खोलीच्या तापमानाला वाळवणं, रेझिन भरणं आणि पॉलिश, ६, ३, १ मायक्रॉन हिऱ्याची पेस्ट. पॉलिश करताना पाणी अजिबात नाही, तेल वापरलं, नाहीतर जेलमधलं सोडियम धुऊन जातं आणि ईडीएसला (एसईएममध्येच एका बिंदूतली मूलद्रव्यं मोजणारं यंत्र) खोटा आकडा येतो.

चिरा फारच थोड्या, आणि ज्या आहेत त्यातल्या अर्ध्याअधिक चिरांमध्ये रेझिन नाही, म्हणजे त्या रेझिन भरल्यानंतर, व्हॅक्यूममध्येच पडल्यात.

आणि आता जे बघायचं होतं ते दिसलं. एका मोठ्या दाण्यावर अर्धा तास थांबले. मध्ये पांढराशुभ्र, फुटक्या काचेसारखे कोन असलेला न विरघळलेला स्लॅग. त्याला लागून गडद करडी किनार, सगळीकडे साधारण सारख्या जाडीची, जुन्या दाण्याचा आकार तंतोतंत राखून. मग बाहेर फिकट करडं जेल, दोन दाण्यांमधली जागा भरून टाकणारं. किनारीवर ईडीएस टेकवला तर मॅग्नेशियम जास्त. कॅल्शियम आणि सिलिकॉन विरघळून लांब जातात, मॅग्नेशियम फारसं हलत नाही, ते जिथल्या तिथे हायड्रोटॅल्साइट होऊन दाण्याची जुनी जागा दाखवत राहतं.

बाहेरच्या जेलमध्ये कॅल्शियम-सिलिकॉन प्रमाण बहुतेक ठिकाणी १ च्या आसपास, अॅल्युमिनियम बऱ्यापैकी. साध्या सिमेंटच्या जेलमध्ये हेच १.७ च्या जवळ असतं. म्हणजे इथे सिलिकेटच्या साखळ्या लांब, मध्ये मध्ये अॅल्युमिनियम बसलेलं, या कॅल्शियम-अॅल्युमिनियम-सिलिकेटच्या पाणीवाल्या जेललाच सी-ए-एस-एच म्हणतात. काही बिंदूंना प्रमाण २ च्या वर दिसलं तेव्हा दचकले होते, पण इलेक्ट्रॉनचा झोत एक-दोन मायक्रॉन आत जातो आणि जेलखाली दडलेलं कॅल्साइट पण मोजून घेतो. ते बिंदू वेगळ्या रंगाने ठेवले, काढून टाकले नाहीत.

१३ फेब्रुवारी

२८ दिवस. सोड्याचा क्यूब ८५ किलोन्यूटन भाराला फुटला, म्हणजे ताकद ३४ मेगापास्कल. वॉटरग्लासवाला २८ दिवसांना ६२ होता. चुन्यावाल्याचे २८ दिवस अजून व्हायचेत.

पण आकड्यापेक्षा आत जे दिसलं ते लिहून ठेवते. क्यूब फुटला आणि बाहेरून राखाडी असलेला तुकडा आत गर्द निळा-हिरवा, मोराच्या पिसाच्या कडेसारखा, आणि सडक्या अंड्याचा अगदी हलका वास. स्लॅगमधल्या सल्फाइडचा रंग तो, हवा लागली नाही तोवर टिकतो. तुकडा टेबलावर ठेवून बसले होते, दोन-तीन तासांत कडांवरून फिकट होत गेला, दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्ण राखाडी. मला यातून एक गोष्ट कळली, क्यूबच्या पोटात महिनाभर हवा गेलेलीच नाही, म्हणजे छिद्रं असली तरी एकमेकांना जोडलेली फार नाहीत.

२२ फेब्रुवारी

चुन्यावाला, २८ दिवस, ३७ मेगापास्कल. म्हणजे निम्म्या चुन्याने शेवटची ताकद बिघडली नाही, सुरुवात मात्र सहा दिवसांवरून एका दिवसावर आली.

२ मार्च

टिकाऊपणाकडे वळले. यात पोर्टलँडाइट (सिमेंट बसताना तयार होणारा चुना) नाही, म्हणजे बाहेरून कार्बन डायऑक्साइड शिरला की सिमेंटसारखा राखीव चुना झेलायला उभा नसतो, तो सरळ जेलमधलं कॅल्शियम ओढतो. म्हणून कार्बोनेशनची चाचणी लावलीच पाहिजे. चेंबरमध्ये कार्बन डायऑक्साइड १ टक्का ठेवला. घाईसाठी जास्त ठेवा असं सुचवलं होतं, पण जास्त वायूत छिद्रांतल्या पाण्यात कार्बोनेटऐवजी बायकार्बोनेटचं राज्य होतं, पीएच खऱ्या हवेत पडेल त्याहून खाली पडतो आणि चांगला मिक्ससुद्धा नापास दिसतो.

ज्या दोन क्यूबचं प्लास्टिक पहिल्या आठवड्यात फाटलं होतं त्यांच्यावर पांढरी लव आलीये, न बांधलेलं सोडियम पाण्याबरोबर बाहेर येऊन हवेतल्या कार्बन डायऑक्साइडबरोबर जमलेलं. झाकलेल्यांवर काही नाही. या बाईंडरला पहिला आठवडा ओल टिकवणं हेच खरं क्युरिंग.

१६ एप्रिल

९० दिवस. सोड्याचा मिक्स ४६ मेगापास्कल, चुन्यावाल्याला अजून ९ दिवस आहेत. एसईएममध्ये पांढरे दाणे लहान झालेत, गडद किनारी जाड, आणि २८ दिवसांना जिथे काळी छिद्रं होती तिथे करडं जेल. एक्सआरडीत गेलुसाइट सापडलं नाही.

कार्बनचा हिशोब या आकड्यांनी परत मांडला. सोडा आणि निम्मा चुना, दोन्ही धरूनसुद्धा वॉटरग्लासच्या मिक्सपेक्षा खाली येतो. ताकद कमी आहे हे मान्य, पण प्रत्येक भिंतीला ६२ मेगापास्कल लागत नाही.

एक गोष्ट सलते ती इथे लिहून ठेवते. एक टन लोखंडामागे स्लॅग मिळतो साधारण ३०० किलो आणि जगात दरवर्षी सिमेंट लागतं ४०० कोटी टनांच्या आसपास, आणि चांगला स्लॅग आजच जवळजवळ सगळा सिमेंटमध्ये मिसळायला जातो. लोखंड हायड्रोजनवर गेलं की ब्लास्ट फर्नेसच कमी होतील. म्हणून पुढचा मिक्स स्लॅग अर्धा आणि भाजलेली माती अर्धी असा करायचाय, कमी प्रतीची केओलिनवाली माती, ७००-८०० अंशांना भाजून. मातीत मॅग्नेशियम नसल्यातच जमा, म्हणजे कार्बोनेटची दुसरी वाट निम्मी होणार आणि सेट व्हायला परत उशीर. चुना २४ चा ३५ ग्रॅम करून बघते. साचे धुऊन ठेवलेत, माती सोमवारी भट्टीत टाकते.